नायट्रोजन-डोप्ड ग्राफीन: लोडिंग कमी केलं की एन ३.८ वरून ३.१ वर येतो. नमुना खरंच धातुरहित आहे का?

षट्कोन

अल्कधर्मी इंधनघटाच्या कॅथोडसाठी, म्हणजे जिथे ऑक्सिजनचं क्षपण (ओआरआर) होतं त्या टोकासाठी, नायट्रोजन-डोप्ड ग्राफीनच्या (काही कार्बन अणूंच्या जागी नायट्रोजन बसवलेल्या ग्राफीनच्या) दोन बॅचेस तयार आहेत, आणि त्यांचे आकडे एकमेकांशी पटत नाहीत.

कृती अशी: नैसर्गिक फ्लेक ग्राफाइटपासून सुधारित हमर्स पद्धतीने ग्राफीन ऑक्साइड. १ ग्रॅम ग्राफाइटला ६ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट, सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिक आम्ल ९:१. नंतर १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने दोनदा धुवून पुढे साधं पाणी. ग्राफीन ऑक्साइड आणि मेलामाइन वजनाने १:५, आर्गॉनच्या प्रवाहात मिनिटाला ५ अंशांनी ८०० अंश सेल्सिअसपर्यंत, तिथे १ तास. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणाऱ्या चाचणीत) नायट्रोजन ६.२ अणुटक्के, धातूचं एकही शिखर नाही.

चाचणी फिरत्या कडी-चकती इलेक्ट्रोडवर (मधल्या चकतीवर पदार्थाचा थर, भोवतीच्या प्लॅटिनमच्या कडीवर सुटलेलं पेरॉक्साइड मोजलं जातं), ०.१ मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये), १६०० आरपीएमला, काउंटर प्लॅटिनमची तार, संदर्भ मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड. पुढचे सगळे व्होल्ट आरएचईच्या (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या) तुलनेत. ०.६ मि.ग्रॅ. प्रति चौ. सेंमी लोडिंगला (चकतीवर लावलेल्या पदार्थाच्या प्रमाणाला) हाफ-वेव्ह (करंट मर्यादेच्या निम्म्यावर येतो ते व्होल्टेज, जितकं वर तितकं चांगलं) ०.८१ व्होल्ट, अर्धवट क्षपणातून निघणारं पेरॉक्साइड ९ टक्के, म्हणजे दर ऑक्सिजन रेणूमागची इलेक्ट्रॉनसंख्या एन ३.८. तोच नमुना ०.१ मि.ग्रॅ.ला लावला की हाफ-वेव्ह ०.७०, पेरॉक्साइड ४५ टक्के, एन ३.१.

दुसऱ्या बॅचमध्ये फक्त ग्राफाइट बदललं: कृत्रिम आणि जास्त शुद्ध. नायट्रोजन ६.० टक्के, म्हणजे जवळपास तेवढाच. पण ०.६ मि.ग्रॅ.लाही हाफ-वेव्ह ०.७४ वर अडकतो.

यातला कोणता एन खरा मानायचा? दोन बॅचेसमधला ७० मिलिव्होल्टचा फरक धातूमुळे असू शकतो का? आणि हा पदार्थ सेलमध्ये घालण्याआधी आणखी काय तपासावं?

कडी-चकती

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

कडीवर जे पेरॉक्साइड दिसतं ते थरातून सुटून बाहेर आलेलं. ०.६ मि.ग्रॅ.चा थर जाड असतो. त्याच्या पोटात तयार झालेलं पेरॉक्साइड बाहेर पडायच्या आत दुसऱ्या जागी पुन्हा क्षपित होतं किंवा तिथेच विघटित होतं. म्हणून ९ टक्के ही किमान मर्यादा समजा, खरी निर्मिती त्याहून जास्त आहे. ०.१ मि.ग्रॅ.चा ४५ टक्के हा आकडा पदार्थाच्या स्वभावाच्या जास्त जवळ आहे. तुमचा नमुना थेट ४ इलेक्ट्रॉनांच्या वाटेने न जाता बहुतांशी २ अधिक २ अशा दोन टप्प्यांनी जातो आहे.

हे पक्कं करायला दोन चाचण्या लागतात. एक, लोडिंगची मालिका: ०.०५, ०.१, ०.२, ०.४, ०.६. प्रत्येक वेळी थेंबांची संख्या वाढवू नका, इंकच पातळ किंवा घट्ट करा. २ मि.ग्रॅ. पदार्थ, ९८० मायक्रोलिटर पाणी-आयसोप्रोपेनॉल मिश्रण, २० मायक्रोलिटर ५ टक्के नॅफिऑन (थर धरून ठेवणारा आयनवाहक पॉलिमर). बर्फाच्या पाण्यात ४५ मिनिटं सोनिकेशन. याचे १० मायक्रोलिटर ५ मिमी व्यासाच्या चकतीवर, म्हणजे ०.१९६ चौ. सेंमीवर, पसरले की ०.१० मि.ग्रॅ. प्रति चौ. सेंमी होतात. वाळवताना इलेक्ट्रोड सावकाश फिरत ठेवा, नाहीतर कडेला वर्तुळ जमतं आणि मध्ये काच-कार्बन उघडा राहतो. तो उघडा भाग स्वतःच पेरॉक्साइड बनवतो आणि दोष ग्राफीनच्या माथी येतो.

दोन, नायट्रोजनने संतृप्त केओएचमध्ये २ मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून तोच स्कॅन घ्या. क्षपणाचा करंट ऑक्सिजनच्या हाफ-वेव्हच्या आसपासच सुरू झाला तर दुसरा टप्पा जलद आहे. तो करंट खूप खाली ०.५ व्होल्टजवळ सुरू होत असेल तर जाड थरात पेरॉक्साइड क्षपणाने न संपता विघटनाने संपतं आहे. विघटनातून ऑक्सिजन परत मिळतो आणि एन फुगतो.

कडीची संकलन-क्षमता कंपनीच्या कागदावरून घेऊ नका, थर लावलेल्या चकतीवर मोजा. ०.१ मोलर पोटॅशियम नायट्रेटमध्ये १० मिलिमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड घ्या. चकतीवर क्षपण होऊ द्या आणि कडीवर परत ऑक्सिडीकरण, आणि दोन करंटांचं गुणोत्तर काढा. थर जाड आणि खडबडीत असला की हे गुणोत्तर घसरतं. ओआरआरच्या वेळी कडी १.२ ते १.३ व्होल्टला धरा.

काउटेकी-लेविचवरून (फिरण्याचा वेग बदलून करंटवरून एन काढायच्या समीकरणावरून) काढलेल्या एनवर विसंबू नका. ते समीकरण गुळगुळीत पृष्ठभागासाठी आहे, सच्छिद्र कार्बनच्या थरासाठी नाही. पण त्याचा एक उपयोग जरूर करा. ०.१ मोलर केओएचमध्ये ऑक्सिजनची विद्राव्यता १.२ गुणिले १० चा उणे ६ वा घात मोल प्रति घन सेंमी आणि विसरण गुणांक १.९ गुणिले १० चा उणे ५ वा घात चौ. सेंमी प्रति सेकंद धरला, तर १६०० आरपीएमला ४ इलेक्ट्रॉनांचा मर्यादा-करंट ५.७ मिलिअँपिअर प्रति चौ. सेंमी येतो, २ इलेक्ट्रॉनांचा २.८५. आलेख ५.७ च्या वर जात असेल तर क्षेत्रफळ चुकलं आहे किंवा नायट्रोजनमधली पार्श्वभूमी वजा केलेली नाही. ग्राफीनची धारिता मोठी असते, त्यामुळे ही वजाबाकी टाळता येत नाही. स्कॅन ५ मिलिव्होल्ट प्रति सेकंदाहून वेगाने नको.

आणि द्रावणाचा रोध मोजा. ०.१ मोलर केओएचमध्ये तो ४५ ओम असेल तर १.१ मिलिअँपिअरला ५० मिलिव्होल्ट तिथेच जातात. दोन बॅचेस वेगवेगळ्या दिवशी मोजल्या असतील तर तुमच्या ७० मिलिव्होल्टमधला काही भाग इथेच सापडू शकतो. हाफ-वेव्हची तुलना ही दुरुस्ती करूनच करा.

राखेचा हिशेब

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, असू शकतो, आणि एक्सपीएसने तो फेटाळता येत नाही.

एक्सपीएसची पकड साधारण ०.१ अणुटक्क्यापर्यंत. कार्बनमध्ये ०.१ अणुटक्के लोह म्हणजे वजनाने सुमारे ४६०० पीपीएम. म्हणजे ४००० पीपीएम लोह असलेला नमुनाही तिथे निर्मळ दिसू शकतो.

आता किती लोह पुरेसं आहे ते पाहा. लोडिंग ०.१ मि.ग्रॅ. आणि लोह १०० पीपीएम धरा. दर चौ. सेंमीला १० नॅनोग्रॅम, म्हणजे अंदाजे १.१ गुणिले १० चा १४ वा घात एवढे अणू. १ मिलिअँपिअर करंटला दर सेकंदाला सुमारे १.६ गुणिले १० चा १५ वा घात ऑक्सिजन रेणू क्षपित व्हावे लागतात. प्रत्येक लोह अणूने सेकंदाला १४ रेणू हाताळले की सगळा करंट एकट्या लोहाच्या खात्यावर जातो. १००० पीपीएम असेल तर १.४ रेणू पुरतात. अल्कधर्मी माध्यमात चार नायट्रोजनांनी धरलेल्या लोह अणूला हे झेपतं. त्यामुळे आयसीपी-एमएस (धातूंचे सूक्ष्म अंश मोजणारी वस्तुमान-चाचणी) केल्याशिवाय धातुरहित हा शब्द वापरू नये.

तुमच्या कृतीत धातू शिरायच्या वाटा मोजून सांगतो. नैसर्गिक ग्राफाइटच्या राखेत लोह असतंच. परमँगनेटमधून मँगनीज येतं, आणि ते ग्राफीन ऑक्साइडच्या कार्बोक्झिल गटांना चिकटून बसतं. शिवाय भट्टीत ग्राफीन ऑक्साइडचं वजन साधारण निम्म्यावर येतं, धातू मात्र उडून जात नाही, म्हणजे त्याचं प्रमाण दुपटीला पोचतं. याखेरीज स्टीलचा स्पॅच्युला, जुन्या चुंबकीय ढवळकाड्या (टेफ्लॉनच्या सूक्ष्म भेगांत आधीच्या प्रयोगांचे धातू अडकलेले असतात), आणि लोह-कोबाल्टचे नमुने ज्यात भाजले ती क्वार्ट्झ ट्यूब. या कामासाठी ट्यूब आणि बोट (भट्टीत नमुना ठेवायचं होडीसारखं भांडं) वेगळीच ठेवा.

मोजायची पद्धत: ५० मि.ग्रॅ. नमुना क्वार्ट्झच्या मुशीत हवेत ७५० अंशांवर ४ तास जाळा. राख २ मिली गरम अम्लराजात विरघळवा, २ टक्के नायट्रिक आम्लाने ५० मिली करा. १०० पीपीएम लोह असेल तर या द्रावणात १०० पीपीबी येतं, मोजायला भरपूर. रिकामी मूसही त्याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. लोह ५६ वर आर्गॉन-ऑक्साइडचं वस्तुमान येऊन बसतं, म्हणून हेलियमची टक्कर-पेशी चालू ठेवा, नाहीतर नसलेलं लोह दिसेल. ग्राफीन थेट नायट्रिकमध्ये उकळून गाळणं पुरत नाही. पत्र्यांच्या आत अडकलेला धातू गाळणकागदावरच राहतो.

काउंटरची प्लॅटिनम तार आजच काढा. ग्राफाइटची कांडी घ्या, तीही सच्छिद्र काचेच्या पडद्यामागे. प्लॅटिनम विरघळून कामाच्या इलेक्ट्रोडवर बसतं, आणि दीर्घ चक्रांच्या चाचणीत नमुना दिवसेंदिवस सुधारतो आहे असा भास होतो. केओएच धातूंच्या दृष्टीने उच्च शुद्धतेचं घ्या आणि काचेऐवजी टेफ्लॉनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची सेल वापरा, कारण अल्कली काच खाते.

षट्कोन

आयसीपी-एमएस लावून घेतो. पण मिथेनॉल घातल्यावर करंट ढळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड सोडल्यावरही काही फरक पडत नाही. यावरून निदान लोह नाही असं म्हणता येईल का? की थायोसायनेट (लोहाला चिकटून त्याला निष्क्रिय करणारं) घालून पाहावं?

राखेचा हिशेब

म्हणता येणार नाही. त्या दोन चाचण्यांनी फक्त प्लॅटिनम नाही एवढंच कळतं. लोह-नायट्रोजन केंद्रं साध्या तापमानाला कार्बन मोनॉक्साइडला दाद देत नाहीत, मिथेनॉललाही नाही. थायोसायनेट आम्लात चालतं, केओएचमध्ये त्याची पकड ढिली असते. अल्कधर्मी माध्यमात सायनाइड: १० मिलिमोलर पोटॅशियम सायनाइड. हाफ-वेव्ह लक्षणीय खाली सरकला तर लोहाकडे बोट जातं. सरकला नाही तरी मँगनीज ऑक्साइड सुटत नाही, त्याच्यासाठी ही चाचणी भरवशाची नाही. कडीचा करंट या वेळी वाचू नका, प्लॅटिनमच्या कडीलाही सायनाइड विषच आहे. हे द्रावण आम्लाच्या जवळपासही जाता कामा नये, विषारी हायड्रोजन सायनाइड सुटतो. ज्या प्रयोगशाळेत सायनाइड हाताळायची आणि नष्ट करायची रीतसर सोय नाही तिथे ही चाचणी सोडूनच द्या.

त्यापेक्षा बोलकी आणि बिनधोक चाचणी म्हणजे धातू मुद्दाम घालणं. शुद्ध ग्राफाइटच्या ग्राफीन ऑक्साइडमध्ये, मेलामाइनच्या आधी, फेरिक नायट्रेट मिसळा: ०, ५०, २००, १००० पीपीएम. अंतिम १ ग्रॅम पदार्थात १०० पीपीएम हवे असतील तर ०.७२ मि.ग्रॅ. फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट लागतं. ते तोलत बसू नका, ७२ मि.ग्रॅ. १०० मिली पाण्यात विरघळवून त्यातलं १ मिली घ्या. धातू भट्टीनंतर घातला तर नायट्रोजनशी बांधला जात नाही आणि चाचणी फुकट जाते. दुसरी मालिका मँगनीज नायट्रेटची. हाफ-वेव्ह पीपीएमबरोबर चढत गेला आणि तुमची पहिली बॅच त्याच रेषेवर बसली, तर फरक कशाचा हे वेगळं सांगावं लागणार नाही.

या वादाला इतिहास आहे. २००९ मध्ये लिमिंग दाई यांच्या गटाने उभ्या नायट्रोजन-डोप्ड कार्बन नळ्यांचं काम प्रसिद्ध केलं, त्या नळ्या आयर्न थॅलोसायनिनपासून वाढवून नंतर लोह काढून टाकलेल्या होत्या. २०१० मध्ये त्याच गटाचं नायट्रोजन-डोप्ड ग्राफीन आलं. २०१३ मध्ये मार्टिन प्युमेरा यांच्या गटाने दाखवलं की हमर्सच्या वाटेने केलेल्या डोप्ड ग्राफीनमधली क्रियाशीलता उरलेल्या मँगनीजच्या अंशातून येऊ शकते. २०२० मध्ये त्यांनीच ग्राफीनबरोबर पक्ष्यांची विष्ठा तापवली, तेव्हाही क्रियाशीलता साध्या ग्राफीनपेक्षा वाढली. साध्या ग्राफीनशी तुलना करून फारसं काही सिद्ध होत नाही, हे त्यातून घ्यायचं.

भट्टी८००

वरचं सगळं मान्य, पण यातून नायट्रोजनचं काहीच काम नाही असा अर्थ कोणी काढू नये. २०१६ मध्ये नाकामुरा यांच्या गटाने ग्राफाइटच्या स्वच्छ, सुबक पृष्ठभागावर नायट्रोजनचे प्रकार वेगवेगळे बसवून पाहिले. क्रियाशीलता पायरिडिनिक (पत्र्याच्या कडेच्या षट्कोनात बसलेल्या) नायट्रोजनच्या प्रमाणाबरोबर वाढत गेली, आणि सक्रिय जागा त्या नायट्रोजनच्या शेजारचा कार्बन असल्याचं त्यांनी मांडलं. परिणाम खरा आहे. मात्र तो लोहाच्या केंद्राइतका दांडगा नाही, म्हणूनच थोडासा धातूही त्याला झाकून टाकतो.

तुमच्या ६ टक्क्यांबद्दल: एकूण आकड्यापेक्षा फोड महत्त्वाची. एन १एस शिखरात (एक्सपीएसमधल्या नायट्रोजनच्या शिखरात) पायरिडिनिक ३९८.२ ते ३९८.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, पायरोलिक (पंचकोनातला) ४०० ते ४००.५, ग्राफिटिक (पत्र्याच्या आत कार्बनच्या जागी बसलेला) ४०१ ते ४०१.५, ऑक्साइड ४०२ च्या पुढे. धातूला बांधलेला नायट्रोजन ३९९ च्या जरा वर, म्हणजे पायरिडिनिक आणि पायरोलिकच्या मधल्या खांद्यात लपतो. दोन्ही बॅचेसची फोड शेजारी ठेवून तो खांदा बघा.

तापमान ८०० च्या खाली नेऊ नका. मेलामाइन ५५० अंशांच्या आसपास कार्बन नायट्राइड बनतं, आणि ते ७०० च्या पुढे जाऊन मोडतं. ६०० ला थांबलात तर नायट्रोजन २० टक्क्यांच्या पुढे दिसेल, पण तो वीज न वाहणाऱ्या पिवळट पदार्थातला असेल. ९०० ला नायट्रोजन घटतो, ग्राफिटिक वाटा वाढतो, वाहकता सुधारते. ८००, ९०० आणि १००० अशा तिन्ही बॅचेस ग्राफीन ऑक्साइडच्या एकाच लॉटमधून करा, नाहीतर तुलना निरर्थक.

ग्राफीन ऑक्साइड ओव्हनमध्ये वाळवत असाल तर ते थांबवा. पत्रे एकमेकांवर बसून चिवट पापुद्रा होतो आणि मेलामाइन आत शिरतच नाही. मेलामाइन गरम पाण्यात विरघळवून ग्राफीन ऑक्साइडच्या विलयनात ओता, ढवळा, लगेच गोठवा आणि फ्रीझ-ड्राय करा. भट्टीत १५० ते २५० अंशांच्या टप्प्यात वेग मिनिटाला १ ते २ अंशच ठेवा. या टप्प्यात ग्राफीन ऑक्साइड एकाएकी वायू सोडतं आणि पूड बोटीबाहेर उडते. पोटॅशियमचे क्षार धुऊन गेले नसतील तर ते पेटही घेतं. मेलामाइनची पांढरी पूड ट्यूबच्या थंड टोकाला साचून वायूची वाट बंद करते, तेव्हा मधूनमधून बुडबुडे येताहेत ना ते बघत राहा. बाहेर पडणाऱ्या वायूत अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड असतात. तो सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून नेऊन फ्यूमहूडमध्येच सोडा.

भट्टीनंतरची आम्ल-धुलाई, म्हणजे ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्ल ८० अंशांवर रात्रभर, ही धातूचे कण काढते. नायट्रोजनांनी चारी बाजूंनी धरलेला एकटा लोह अणू त्यात टिकून राहतो. त्यामुळे धुलाई भट्टीच्या आधीच करायची: १० टक्के हायड्रोक्लोरिक दोनदाऐवजी पाच-सहा वेळा, आणि नंतर आठवडाभर डायलिसिस. मँगनीज पूर्णपणे टाळायचं तर हमर्स सोडून ग्लुकोज आणि डायसायनडायअमाइडसारख्या रेणूंपासून सुरुवात करावी लागेल. धातूच्या पत्र्यावर वायूतून वाढवलेलं ग्राफीन आपोआप धातुरहित असतं असंही नाही. तांबं कोरून काढायला फेरिक क्लोराइड वापरलं की लोह परत आलंच, तिथे अमोनियम परसल्फेट घ्यावं.

बोरॉनही घालायचा विचार असेल तर दोन्ही एकाच वेळी घालू नका. बोरॉन आणि नायट्रोजन एकमेकांना धरून बोरॉन नायट्राइड करतात, ते निष्क्रिय असतं. आधी नायट्रोजन, मग वेगळ्या भाजणीत बोरिक आम्ल.

पातळथर

तिसऱ्या प्रश्नावर. फिरत्या चकतीवरचा ०.७४ किंवा ०.८१ सेलमध्ये जसाच्या तसा उतरत नाही, आणि कारण बहुतेक वेळा जाडी असतं. प्लॅटिनमच्या कॅथोडला ०.१ ते ०.४ मि.ग्रॅ. प्रति चौ. सेंमी धातू पुरतो, अशा कार्बनला २ ते ४ मि.ग्रॅ. पदार्थ लागतो. थराची घनता ०.४ ग्रॅम प्रति घन सेंमी धरली तर ४ मि.ग्रॅ.चा थर १०० मायक्रोमीटरचा होतो. ग्राफीनचे पत्रे सेलच्या पडद्याला समांतर निजतात, त्यामुळे ऑक्सिजनला वाट वळसे घेत काढावी लागते. उपाय म्हणजे पत्र्यांमध्ये कार्बन नळ्या किंवा कार्बन ब्लॅक घालून त्यांना उभं-आडवं करणं. २०१५ मध्ये दाई यांच्या गटाने आम्लीय सेलमध्ये नेमकं हेच केलं होतं. मात्र त्या कार्बन ब्लॅकचीही राख मोजा, त्यातही लोह असतं.

आम्लीय सेलकडे आत्ताच वळू नका. तिथे पायरिडिनिक नायट्रोजन प्रोटॉन घेऊन बसतो आणि क्रियाशीलता बरीच पडते. धातुरहित पदार्थाचा खरा फायदा मात्र तिथेच आहे: लोह नसेल तर पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलकं कमी बनतात आणि पडदा जास्त टिकतो. म्हणून तुमच्या पहिल्या बॅचमध्ये लोह निघालं तर ती आम्लीय सेलसाठी दोन्हीकडून तोट्याची.

अ‍ॅनायन पडद्याच्या, म्हणजे अल्कधर्मी, सेलमध्ये पाणी अ‍ॅनोडला तयार होतं आणि कॅथोडला खर्च होतं, दर ऑक्सिजन रेणूमागे २ रेणू. जाड कार्बन थर कोरडा पडला की आयनोमर (थरातला आयनवाहक पॉलिमर) आक्रसतो आणि रोध चढतो. कॅथोडचा वायू पूर्ण आर्द्र ठेवा, हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी काढा, नाहीतर कार्बोनेट होऊन पहिल्याच तासात व्होल्टेज घसरेल आणि उत्प्रेरकाचा ऱ्हास झाला असं वाटेल. दोष उत्प्रेरकाचा की कार्बोनेटचा हे ओळखायला शुद्ध ऑक्सिजनवर परत नेऊन बघा. करंट वाढवत नेल्यावर व्होल्टेज सावरलं तर कार्बोनेट.

षट्कोन

आयसीपी-एमएससाठी दोन्ही बॅचेस, दोन्ही मूळ ग्राफाइटं आणि दोन्हींचं भट्टीआधीचं ग्राफीन ऑक्साइड असे सहा नमुने देतो. काउंटर बदलून ०.०५ ते ०.६ ची मालिका त्याआधी पूर्ण होईल. मेलामाइनही वेगळं जाळून मोजायला हवं का?

राखेचा हिशेब

हवंच. १:५ प्रमाणात ते ग्राफीन ऑक्साइडच्या पाचपट पडतं आणि जवळजवळ सगळं उडून जातं, धातू तेवढा मागे राहतो. ग्राफीन ऑक्साइड निम्मं होतं हे धरलं तर मेलामाइनमधला १ पीपीएम अंतिम पदार्थात १० पीपीएम होतो. ५०० मि.ग्रॅ. घ्या, ५० ने आकडा येणार नाही. आणि आधी ३०० अंशांच्या आसपास हळूहळू उडवून मगच ७५० ला न्या, नाहीतर मुशीतून वाफेबरोबर राखही जाईल.